हलकं नव्हे, बरोबर
इजिप्तच्या मृत्युपाठांचं एक वाचन

वेवजी हे तलासरी तालुक्याच्या अगदी टोकाचं गाव. गावाची शीव ओलांडली की गुजरातचं सोळसुंबा लागतं. शीव नेमकी कुठून जाते यावर अलीकडे वर्तमानपत्रांतून बराच गाजावाजा झाला, पलीकडच्या ग्रामपंचायतीने आमच्या हद्दीत रस्त्यावरचे दिवे लावले म्हणून. १९६० पूर्वी हा सगळा उंबरगाव परिसर ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे जुन्या माणसांना त्या भांडणाचं हसू येतं. मी राहतो या बाजूला आणि माझी नोकरी झाली त्या बाजूला, उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. स्टोअरकीपर. आलेला माल काट्यावर घ्यायचा, वहीत लिहायचा, गेलेला माल काट्यावर घ्यायचा, वहीत लिहायचा. इजिप्तशी माझा संबंध जो काही आहे तो या काट्यापासून सुरू होतो. म्हणून ही प्रस्तावना.

पदवी नाही, प्राचीन लिपी गुरूकडून शिकलेलो नाही. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेलं वॉलिस बजचं जाडजूड पुस्तक आणि पुढे पगारातून मागवलेली रेमंड फॉकनर, थॉमस जॉर्ज अ‍ॅलन, यान आसमान यांची पुस्तकं एवढंच माझं विद्यापीठ. त्यातही बजवर फार वर्षं विसंबून राहिलो ही चूकच झाली. त्याचं भाषांतर त्याच्याच हयातीत जुनं ठरायला लागलं होतं, पण स्वस्त आवृत्त्यांमुळे ते आजही सगळीकडे पोचतं आणि त्यातल्या चुकाही पोचतात.

पंधराएक वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी 'मृतांच्या पुस्तका'वर लेख लिहिला होता. त्यात बेधडक वाक्य होतं की मेलेल्या माणसाचं हृदय सत्याच्या पिसाविरुद्ध तोललं जातं आणि ते पिसापेक्षा हलकं भरलं तरच त्याची सुटका होते. हे वाक्य मराठीतही वाचायला मिळतं, इंग्रजीतही मिळतं, शाळेच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत तर हमखास. मीही ते कुठूनतरी उचललं. लेख आईला वाचून दाखवला. ती ऐकत होती, भाजी निवडत होती. त्या वाक्याशी आल्यावर म्हणाली, "पिसापेक्षा हलकं? मग कोण रे सुटणार?"

तिच्या प्रश्नामागे काय होतं ते मला ठाऊक होतं. माझे वडील महसूल खात्यात शिपाई होते. ते गेले तेव्हा घरी गरुडपुराण लावलं होतं. यममार्ग, वाटेतली तापलेली वाळू, वैतरणी, गाय दिली नसेल तर नदीत काय होतं ते, सगळं तिने भिंतीला टेकून दहा दिवस ऐकलं. गोदानाऐवजी जी रक्कम सांगण्यात आली ती त्या वेळी आमच्या घरात नव्हती. तिने ती पुढे दोन वर्षं साठवून दिली. तोवर ती रात्री उठून बसायची. विचारलं तर म्हणायची, "अजून ते काठावरच असतील." मी दुसऱ्यांच्या परलोकांबद्दल वाचायला लागलो तो त्या दोन वर्षांत. दुसरीकडेही मेलेल्या माणसाला इतकंच छळतात का, हे मला पाहायचं होतं.

आईच्या प्रश्नानंतर मी अनीच्या पटाचं छापील चित्र पुन्हा काढलं. अनी हा इसवी सनापूर्वी सुमारे १२५० चा, थेब्जचा एक लेखनिक. त्याचा पपायरसचा पट सुमारे २४ मीटर लांब. १८८८ साली बजने तो ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवला आणि पुढे त्याचे ३७ तुकडे करून ठेवण्यात आले, ज्याबद्दल आजचे अभ्यासक हळहळतात. त्यात तोलण्याचं ते प्रसिद्ध चित्र आहे. डावीकडून अनी आणि त्याची बायको तुतू वाकून येताहेत. मध्ये काटा. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस गुडघ्यावर बसून काटा तपासतोय. काट्याच्या खांबावर एक वानर बसलंय, ते थोथ देवाचं रूप. खुद्द थोथ बगळ्यासारखी चोच घेऊन, लेखणी सरसावून उभा. त्याच्यामागे मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या छातीची, पाणघोड्याच्या ढुंगणाची अम्मित वाट पाहतेय.

हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण देवांकडे पाहिलं होतं, काट्याकडे पाहिलं नव्हतं. ज्याचा जन्म काट्यासमोर गेला त्याने काट्याकडे पाहू नये याला काय म्हणावं! दांडी आडवी आहे. सरळ. हृदयाचं पारडं वर गेलेलं नाही. अनुबिसची नजरही पारड्यांवर नाही, तो जुळवणीची जागा बघतोय, जसा कुठलाही जाणता तोलणारा पारड्यांऐवजी काट्याच्या जिभेकडे बघतो. नंतर मी हाताशी आलेले दुसरे पटही तपासले. बहुतेकांत दांडी आडवीच. आणि पटावरचा मजकूर काय सांगतो? थोथ जाहीर करतो की मोठ्या काट्यावर अनीचं हृदय खरं ठरलं, त्यात खोट सापडली नाही. 'हलकं' हा शब्दच तिथे नाही. हृदय पिसाइतकं भरायचं असतं. वजन बरोबर.

हा फरक किरकोळ वाटेल. मला तो किरकोळ वाटत नाही. पिसापेक्षा हलकं म्हणजे संतापेक्षा संत. तशी अट घालणारा देव माणसाला पाडायलाच बसलेला असतो. पिसाइतकं म्हणजे माअतइतकं. माअत हा शब्द आपण 'सत्य' असा करतो, पण त्यात नेमकेपणा आहे, रीत आहे, नाईलच्या पुराने वेळेवर यावं आणि मापाने धान्याचं माप पुरं भरावं हेही त्यात आहे. दुकानदाराला विचारा. त्याच्याकडून हलकं माप कोणी मागत नाही, पुरं माप मागतात.

मग आपल्याकडे 'हलकं' कुठून शिरलं? इंग्रजीतली चूक इंग्रजांची, पण मराठी वाचकाला ती इतकी सहज पटते याची कारणं घरची असावीत असं माझं अनुमान आहे. आपल्या धर्मशास्त्रात दिव्यांमध्ये तुला आहे. याज्ञवल्क्यस्मृती पाच दिव्यं सांगते : तुला, अग्नी, जल, विष, कोश. तुलादिव्यात आरोपीला एकदा तोलायचं, खूण करायची, उतरवायचं, मग त्याने काट्यालाच उद्देशून आवाहन करायचं की तू सत्याचं घर आहेस, मी पापी असेन तर मला खाली ने, नसेन तर वर उचल. मग पुन्हा तोलायचं. वर गेला तर निर्दोष. बरोबरीत आला तर? इथे स्मृतिकारांचं एकमत नाही. कोणी पुन्हा तोला म्हणतं, कोणी त्याला शुद्ध मानायला तयार नाही. म्हणजे आपल्या काट्यावर हलका तो सुटला, आणि बरोबरीचा संशयात. आपण हाच नियम नकळत नाईलच्या काठी नेला.

तिसरा काटा तर आमच्या शेजारीच आहे. उंबरगाव रोडच्या पुढचं स्टेशन संजाण. इराणातून आलेले पारशी इथे उतरले असं 'किस्सा-ए-संजाण' सांगतो. तो १५९९ चा, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेला, त्यामुळे तारखांवर वाद आहेत. पण संजाणच्या उत्खननात या शतकाच्या सुरुवातीला जुना दोखमा सापडला, तेव्हा वस्तीबद्दल वाद उरला नाही. जरथुश्त्री धर्मात मृत्यूनंतरच्या चौथ्या पहाटे आत्मा चिनवद पुलाशी येतो आणि रश्न नावाचा यझद सोन्याच्या काट्यावर त्याची कर्मं तोलतो. राजा असो वा भिकारी, काटा केसभरही कोणासाठी कलत नाही. पण तिथे एका पारड्यात चांगली कर्मं, दुसऱ्यात वाईट. त्यामुळे दांडी आडवी राहिली तर? तर तो आत्मा हमेस्तगान नावाच्या मधल्या जागी जातो, जिथे सुख नाही, यातना नाही, नुसतं ऊन आणि थंडी. अर्दा विराफच्या परलोकयात्रेत ही जागा येते.

तीन काटे आणि आडव्या दांडीचे तीन अर्थ. स्मृतीत संशय, संजाणकरांकडे अधांतरी वस्ती, इजिप्तमध्ये विजय. तुलनात्मक धर्मशास्त्राची लोकप्रिय पुस्तकं 'सर्व प्राचीन संस्कृतींत परलोकीच्या न्यायाची कल्पना तराजूच्या रूपाने दिसते' असं एक वाक्य टाकून पुढे सरकतात. त्या वाक्यात काहीच चूक नाही आणि काहीच माहितीही नाही. काटा सगळीकडे दिसतो, पण त्याच्या एका पारड्यात काय ठेवलंय हे पाहिल्याशिवाय तो काय बोलतो ते कळत नाही. चित्रगुप्ताची तुलना तर आणखी फसवी. चित्रगुप्ताकडे काटा नाही, वही आहे, आणि ती वही तो स्वतः लिहितो. मेलेल्याने काही बोलण्याची सोयच नाही. इजिप्तमध्ये उलट आहे. तिथे कागद मेलेला माणूस घेऊन जातो.

या शेवटच्या गोष्टीशी थांबायला हवं, कारण या ग्रंथांबद्दलचा मोठा गैरसमज त्यांच्या नावापासूनच आहे. १८४२ साली जर्मन विद्वान लेप्सियसने तुरीनच्या संग्रहालयातला एक उशिराच्या काळातला पट छापला, त्याचे १६५ अध्याय पाडले आणि त्याला 'टोटेनबुख', मृतांचं पुस्तक, असं नाव दिलं. तेच नाव जगभर गेलं. मूळ नाव 'पेरेत एम हेरू' अशासारखं, म्हणजे 'दिवसा बाहेर येणं'. पुस्तक म्हटलं की आपल्याला आरंभ, मध्य, शेवट असलेला, सिद्धान्त सांगणारा ग्रंथ दिसतो. हे तसं नाही. सुमारे दोनशे पाठांच्या साठ्यातून प्रत्येकासाठी निवड व्हायची. कोणाकडे वीस, कोणाकडे शंभर. पट आधी तयार करून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की मोकळ्या जागेत नाव भरत. अनीच्या पटातही काही ठिकाणी नावाचं अक्षर वेगळ्या हाताचं आहे. काही पटांत तर जागा कोऱ्याच राहून गेल्या. एका नोंदीत अशा पटाची किंमत एक देबेन चांदी आहे, मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी. वैतरणीची गाय तिथेही होतीच.

याआधीचा इतिहास थोडक्यात. सगळ्यात जुने पाठ उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, सक्काराला, इसवी सनापूर्वी सुमारे २३५० चे; मास्पेरोने ते १८८१ मध्ये वाचायला घेतले. पुढे असेच पाठ अधिकाऱ्यांच्या लाकडी शवपेट्यांवर दिसू लागले आणि त्यातून 'परलोकाचं लोकशाहीकरण' झालं, आधी फक्त राजाला अमरत्व होतं ते मग प्रजेलाही मिळालं, असं कित्येक पिढ्या शिकवलं गेलं. मलाही ती कल्पना आवडायची. मार्क स्मिथ यांनी ती बऱ्यापैकी खिळखिळी केली आहे : राजाच्या काळातही प्रजेचे अंत्यविधी होते, त्यांनाही परलोक होता, फक्त तो दगडावर लिहिलेला नव्हता. लिहिलेलं सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं धरून चालण्याची खोड अभ्यासकांची. ती आमच्या भागात फार ओळखीची आहे.

वेवजीत आणि आजूबाजूच्या पाड्यांवर वस्ती मुख्यतः वारल्यांची. वारली म्हटलं की मराठी वाचकाला जिव्या सोमा मशे यांची पांढरी चित्रं आठवतात, लग्नाचा चौक आठवतो. मरणाच्या विधीतलं गाणं फारसं कोणाला ठाऊक नसतं, कारण ते भिंतीवर नसतं. मी ते ऐकलंय ते अंगणाच्या कडेला बसून, शेजारधर्माने. कामडी रात्रभर गातो. घरचे बसलेले असतात, पोरं पेंगतात, मध्येच कोणाच्या अंगात गेलेला माणूस येतो आणि बोलतो, घरचे त्याला उत्तर देतात, विचारतात, रुसतात, रडतात. मी वारली नाही, मला सगळे शब्द कळले असा दावा नाही आणि त्या गाण्यांचा अर्थ लावायला मी बसलेलो नाही. एकच गोष्ट मी तिथून उचलली. ते गाणं मृत्यूविषयी माहिती देत नव्हतं. ते काम करत होतं. थांबलं असतं तर काम अडलं असतं.

त्यानंतर पट वाचताना मला मजकुराच्या आधी येणाऱ्या तांबड्या शाईतल्या ओळी दिसू लागल्या, ज्या मी पूर्वी ओलांडून जात असे. हा पाठ दफनाच्या दिवशी म्हणावा. हा पाठ म्हणणाऱ्याने अंग धुतलेलं असावं, तागाचं वस्त्र, पांढऱ्या वहाणा, डोळ्यांत काजळ. हे सगळं म्हणायचं आहे. मेलेल्याच्या नावापुढे जी उपाधी लागते तीही पाहा : 'माअ-खेरू'. इंग्रजीत 'निर्दोष ठरलेला' असं करतात, मराठीतही तेच. पण 'खेरू' म्हणजे आवाज. खऱ्या आवाजाचा. न्यायालयात ज्याचा शब्द टिकला तो. आपण भाषांतरात निकाल ठेवला आणि आवाज गाळला.

असं वाचलं की १२५ वा पाठही वेगळा लागतो. हा तो प्रसिद्ध नकारांचा पाठ : मी चोरी केली नाही, मी मारलं नाही, लेकरांच्या तोंडचं दूध तोडलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही, काट्याच्या वजनात भर घातली नाही, ओळंब्यात फेरफार केला नाही अशा अर्थाची लांबच लांब यादी, आणि पुढे बेचाळीस देवांसमोर एकेक नकार. (काट्याच्या नकारांशी मी नेहमी थबकतो. कारखान्यात अशी वेळ कधी आलीच नाही असं मी शपथेवर सांगणार नाही.) याला 'जगातली पहिली नीतिसंहिता' म्हणून गौरवणारे लेख आहेत, आणि 'खोटी साक्ष' म्हणून हिणवणारेही आहेत. दोघांनीही पाठाचं शीर्षक वाचलेलं दिसत नाही. शीर्षक सांगतं की या माणसाने केलेल्या सर्व दुष्कृत्यांपासून त्याला वेगळं करण्यासाठी हा पाठ आहे. केलेल्या! वर मान्य केलंय आणि खाली नाकारलंय. याला खोटी साक्ष म्हणता येत नाही, कारण लपवाछपवी नाही. ही आंघोळ आहे. आंघोळ करणारा 'मी मळलो नव्हतो' असं सांगत नसतो.

तरीही एक जागा अडते आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ३० व्या पाठाचं दुसरं रूप. हे हिरव्या दगडाच्या भुंग्यावर कोरून ममीच्या छातीवर ठेवत. त्यात मेलेला माणूस स्वतःच्या हृदयाशी बोलतो. आईकडून मिळालेल्या हृदया, अशी त्याला हाक मारतो आणि विनवतो की माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, काटा राखणाऱ्यासमोर माझ्याविरुद्ध कलू नकोस. म्हणजे काट्याची जरब आहे, आणि काटा कलू नये याची सोयही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक विद्वानांना इथे धर्माची घसरण दिसली : नीती गेली, मंत्रतंत्र उरलं. मलाही बरेच दिवस तसंच वाटे. आता वाटतं की हा पाठ लिहिणाऱ्याला माणूस नीट ठाऊक होता. बाहेरच्या बेचाळीस देवांना नकार देता येतो. आतला एक साक्षीदार मात्र सगळं पाहून बसलेला असतो, आणि त्याला लाच चालत नाही, फक्त विनवणी चालते. ज्याला काटा खोटा वाटतो तो अशी विनवणी करणार नाही. अर्थात ही माझी समजूत. तो भुंगा विकणाऱ्याची समजूत वेगळी असू शकते.

एका शब्दाबद्दल मात्र मला जरा हट्टाने बोलायचं आहे. सहावा पाठ उशब्तींचा. उशब्ती म्हणजे थडग्यात ठेवलेल्या छोट्या बाहुल्या. पाठाचा आशय असा की परलोकात या माणसाला कामाला बोलावलं, शेत कसायला, काठाला पाणी लावायला, वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला, तर त्याच्या जागी बाहुलीने 'मी हजर' म्हणून उठावं. याचं मराठी करताना 'काम', 'श्रम', फार तर 'सेवा' असे शब्द वापरले जातात, आणि मग वाचकाला वाटतं, केवढे हे आळशी लोक, मेल्यावरही नोकर हवेत. पण इथला शब्द साध्या कामाचा नाही. राज्याने हुकूम काढून माणसं धरून न्यायची आणि बिनमोल राबवायची, ते हे काम. मराठीत याला शब्द आहे आणि तो पुस्तकी नाही : वेठ.

तलासरीत बसून हा शब्द विसरता येत नाही. १९४५ च्या मे महिन्यात इथल्या झरी गावात वारल्यांची सभा भरली आणि वेठ करणार नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या कामाची ती सुरुवात. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलंय त्यांना वेठीला बोलावणं येणं म्हणजे काय हे सांगायला नको. जमीनदाराचा माणूस दारात येऊन नाव घेतो, आणि घरातलं कोणीतरी उठावं लागतं. स्वतःचं शेत तसंच पडलेलं. आता सहावा पाठ पुन्हा पाहा. नाव पुकारलं जाईल ही भीती माणूस मेल्यावरही बरोबर घेऊन जातो, आणि उत्तर द्यायला एक बाहुली जवळ ठेवतो. आळस कसला?

या बाहुल्यांचा पुढे हिशेब बसला तोही एखाद्या गोदामातला वाटतो. वर्षाच्या दिवसाला एक म्हणून ३६५, आणि दहाजणांवर एक मुकादम म्हणून ३६, एकूण ४०१. मुकादमाच्या हातात चाबूक असतो. तुतानखामेनच्या थडग्यात ४१३ निघाल्या. ३६५, ३६ आणि वर महिन्याचा एक याप्रमाणे १२. राजाच्या मुलाने, राजाने, ज्याच्या हुकमाने लोक वेठीला जात त्यानेही, आपलं नाव पुकारलं जाईल म्हणून तयारी ठेवली होती. मुक्तीची अशी कल्पना मला इतर कुठे आढळली नाही, जिच्यात स्वर्ग म्हणजे आपलं शेत आपण नांगरणं आणि नरकाचा एक अंश म्हणजे दुसऱ्याचं. बोरूच्या शेताचं ते चित्र अनीच्या पटातही आहे, बैल जुंपलेले, पाट वाहणारे.

बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीरावांच्या काळात आणलेली एक ममी आहे. ती पाहायला मी दोनदा गेलो. काचेपुढे गर्दी असते, मुलं घाबरतात, आईबाप फोटो काढतात. देहाकडे सगळेच पाहतात. तो देह काय बोलणार होता, त्याच्याजवळ कुठला पाठ होता, हा प्रश्न मनात येत नाही कोणाच्या. मराठीत इजिप्तवर जे लिहिलं जातं तेही बरंचसं काचेपुढच्या गर्दीसारखं असतं : पिरॅमिड किती दगडांचा, मेंदू नाकातून कसा काढत, शाप खरा की खोटा. माझा तो जुना लेखही त्याच जातीचा होता.

आईला मी चूक कबूल केली. म्हटलं, हलकं नाही, बरोबर. पिसाइतकं. तिने थोडा विचार केला. "जेवढ्यास तेवढं," म्हणाली. "मग ठीक आहे. त्यांचं भरलं असेल." हृदयाला विनवणी करण्याचा पाठ मी तिला सांगितला नाही. तिला त्याची गरज पडेल असं वाटलं नाही, आणि मला तो सांगताना अवघडायला झालं असतं.

तिला सगळ्यात आवडली ती सेत्नेची गोष्ट. ती पटांच्या परंपरेतली नाही, बऱ्याच उशिराची, रोमन काळातली, बोलीच्या लिपीत लिहिलेली. सेत्ने खिडकीतून दोन प्रेतयात्रा पाहतो. एक श्रीमंताची, वाजतगाजत, रडणाऱ्यांचा घोळका. दुसरी गरिबाची, चटईत गुंडाळलेली, मागे कोणी नाही. तो म्हणतो, मला या श्रीमंतासारखं मरण यावं. त्याचा लहान मुलगा सी-ओसायरिस म्हणतो, तुम्हाला त्या गरिबासारखं यावं. बाप दुखावतो. मुलगा त्याला हाताला धरून परलोकात नेतो. तिथे दरवाजाची चूळ एका माणसाच्या डोळ्यात बसवलेली आहे, दार उघडलं-मिटलं की तो ओरडतो. तोच तो श्रीमंत. आणि ओसायरिसच्या जवळ तलम वस्त्रात उभा आहे तो चटईतला गरीब. श्रीमंताबरोबर पुरलेलं सगळं त्याला दिलंय. इथे मात्र पापाविरुद्ध पुण्य तोललं जातं, संजाणकरांसारखं, आणि पट, भुंगा, बाहुल्या यांचं नावही निघत नाही. थडग्यातल्या पटांवर नापास झालेला माणूस कधी दिसत नाही, कारण नापास होण्यासाठी कोण चांदी मोजेल? तो दिसला या गोष्टीत, जी कोणाच्या थडग्यासाठी लिहिलेली नव्हती.

आईने ती गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली. मग विचारलं, "हे कुठे लिहून ठेवलंय त्यांनी? देवळात?"

मी सांगितलं, देवळात नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये तो कागद आहे, आणि तो कोरा घेतलेला कागदसुद्धा नव्हे. सरकारी दप्तरातले जमिनीचे जुने ग्रीक कागद कोणीतरी पालथे केले आणि त्यांच्या पाठीवर ही गोष्ट उतरवली.

"म्हणजे सातबाऱ्याच्या मागच्या बाजूला?"

हो, म्हटलं, जवळजवळ तसंच. वडिलांच्या पेटीतले असे पाठकोरे कागद तिने वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, किराणाची यादी लिहायला.